वाटणीतला ब्रेक

ट्रकचे ब्रेक घरच्या घरी दुरुस्त करायचे ठरले, तेव्हा आप्पासाहेबांचा फायदा अगदी उघड होता. गॅरेजची मजुरी वाचणार होती, आणि साठीला टेकलो तरी हात चालतात हे खराडीतल्या चार लोकांना दिसणार होतं. धाकट्या इंद्रजीतचा फायदा त्याहून चोख होता: थोरला भाऊ चुकताना जवळून बघायला मिळणार होता. कुसुमला यातून जे मिळायचं होतं, ते मात्र बाजारात कुठे मिळत नाही. तिला तोंडाला सुट्टी हवी होती.

कुसुम ही आप्पासाहेबांची बायको, इंद्रजीतची वहिनी, आणि गेली चार वर्षं दोघांमधलं पोस्टखातं. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धाला इंद्रजीतने फ्लेक्स लावला होता. त्यावर वडिलांचा फोटो मोठा, हे रीतीला धरूनच झालं. पण त्याखाली इंद्रजीतचा फोटो दादापेक्षा बोटभर मोठा आला. छापणाऱ्याची चूक म्हणून प्रकरण मिटलंही असतं. आप्पासाहेबांनी लोकांदेखत फ्लेक्स उतरवला, आणि इंद्रजीतने तो घडी घालून जपून ठेवला. त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. अंगणाच्या मधोमध चुन्याची रेघ पडली. उजवीकडचं अंगण थोरल्याचं, डावीकडचं धाकट्याचं. ‘तुझ्या दिराला सांग’ आणि ‘तुमच्या साहेबांना सांगा’ अशी दोन वाक्यं घरात रुजली, आणि त्या दोन वाक्यांच्या मधे कुसुम. इंद्रजीतची बायको शाळेत शिकवायची. या खात्यात नोकरी धरण्याइतकी ती भोळी नव्हती.

कुसुम निरोप पोचवायची, पण आला तसा कधीच नाही. ‘त्या म्हाताऱ्याला सांगा, विहिरीवरची मोटर काय त्याच्या बापाची न्हाय,’ असं इकडून निघालेलं वाक्य तिकडे ‘भाऊजी विचारत होते, मोटर घटकाभर मिळेल का,’ असं पोचे. बाप दोघांचा एकच, हे रागात कुणाच्या ध्यानात राहतं? तिकडून ‘त्या लाटसाहेबाला म्हणावं, हात झिजत असतील तर मागायला येऊ नको,’ असं निघे. इकडे ‘घ्या म्हणाले,’ एवढंच येई. तिच्या या काटछाटीवर चार वर्षं घर उभं होतं.

सामाईक म्हणावं असं आता एकच उरलं होतं: वडिलांचा टँकर. पाच हजार लिटरचा, हिरव्या टाकीचा. घरच्या विहिरीचं पाणी भरायचं आणि मागच्या बाजूच्या सोसायटीत ओतायचं. गुरुवारी नळाचं पाणी बंद असलं की सोसायटीच्या चिटणीस पूर्णिमा मॅडम सकाळी फोन करत. सोसायटी सुटली तर ट्रक विकायचा, हे दोघा भावांनी वेगवेगळं ठरवून ठेवलं होतं, आणि दोघांनी ते वेगवेगळं कुसुमलाच सांगितलं होतं. ट्रक गेला की दोघांना एका अंगणात उभं राहायला कारणच उरणार नाही, हे मात्र तिला कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून ट्रक चालू राहायला हवा होता. काही झालं तरी.

त्या आठवड्यात पुढचे ब्रेक अडकून बसले. चाकं हात लावू देईनात इतकी तापायची. नेहमीचा मिस्त्री बहिणीच्या लग्नाला धाराशिवला गेलेला. चाकाची चकती दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा जो जबडा असतो, ज्याला मिस्त्री लोक कॅलिपर म्हणतात, तसे दोन नवे आणले गेले. ट्रॅक्टर खोलण्यात दोघा भावांचं तारुण्य गेलेलं. ट्रक काय, ट्रॅक्टरचा शहरात शिकलेला भाऊ.

ट्रक उभा करायचा कुठे, यावर मात्र पंचाईत झाली. शेवटी तो रेघेवर उभा राहिला, उजवी चाकं थोरल्याच्या हद्दीत आणि डावी धाकट्याच्या. ज्याने त्याने आपल्या हद्दीतलं चाक खोलायचं. कुसुमने खोकं उघडलं. आत एकसारखे दिसणारे दोन कॅलिपर होते. आंबे असोत, लाडू असोत की पितरांचं पान, या घरात वाटणी तीच करायची, आणि तिच्या वाटणीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. एक तिने इकडे दिला, एक तिकडे.

दहाच्या सुमारास दोन्ही चाकं चढली आणि ब्रेक ऑइल भरलं गेलं. मग हवा काढायचं काम आलं, आणि ते काम एकट्याचं नव्हे. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी कॅलिपरवरचा निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करून हवा सोडायची, निपल आवळायचा, मगच वरच्याने पाय उचलायचा. दोघांची बोलाचाल असली तर पंधरा मिनिटांचं काम.

“वहिनी, दाबा म्हणावं,” इंद्रजीत खालून बोलला.

“अहो, दाबा.”

“दाबलंय म्हणावं.”

“भाऊजी, दाबलंय.”

“धरून ठेवा म्हणावं. सोडू नका.”

‘धरून ठेवा’ वर पोचेपर्यंत पाय उचललेला असायचा, आणि निघालेली हवा आल्या वाटेने परत आत. असं दोन-तीनदा झाल्यावर इंद्रजीत पान्हा आपटून म्हणाला, “वहिनी, तुमच्या साहेबांना सांगा, पाय हाय का पाखरू? बसत का न्हाय एका जागी?”

“भाऊजी म्हणतात, जरा दमानं सोडा,” कुसुम वर म्हणाली.

शेवटी इंद्रजीतने निपलला पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं. आता हवा परत जायचा प्रश्न नव्हता. आधी बुडबुडे आले, मग विरळ झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल. दोन्ही बाजूंनी तसंच. इंद्रजीत कपाळ पुसत उठला.

“झालं म्हणावं.”

आप्पासाहेबांनी पेडल दाबलं. ते खाली गेलं. मऊ, ओल्या कणकेत अंगठा जावा तसं.

“तुझ्या दिराला सांग,” आप्पासाहेब सावकाश म्हणाले, “त्याच्या चाकात हवा हाय.”

“माझ्या?” इंद्रजीतला निरोपाची गरज पडली नाही, पण उत्तर त्याने कुसुमलाच दिलं. “माझ्या नळीत बुडबुडा दाखवा म्हणावं, मिशी काढतो.”

मग शोधाशोध सुरू झाली. पाइपांचे सांधे बोट फिरवून बघितले, सगळे कोरडे. मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर सैल असतील म्हणून ते आवळले. पेडल बोटभर वर आलं आणि पुन्हा तिथेच मऊ. पेडलमागचं ऑइल ढकलणारं मोठं सिलिंडर गेलं असेल, असं आप्पासाहेबांना वाटलं. ते जाणार असतं तर हळूहळू गेलं असतं, काम केल्या दिवशीच कसं जाईल, असं इंद्रजीतला वाटलं. पुन्हा हवा काढली. पुन्हा बुडबुडा नाही. पुन्हा कणीक.

एक गोष्ट कुणीच केली नाही. इकडच्याने तिकडे जाऊन भावाचं चाक बघितलं नाही. हद्द होती ना.

तेवढ्यात पूर्णिमा मॅडमचा फोन आला.

“आप्पासाहेब, आपण येणार आहात का? नाही म्हणालात तरी चालेल. फक्त नाही म्हणायला संध्याकाळ करू नका. आमच्याकडे लोक साबण लावून उभे आहेत.”

“निघालोच, मॅडम.”

“गेल्या गुरुवारीही आपण निघालाच होतात. दुसऱ्या टँकरवाल्याचा नंबर माझ्यासमोर आहे. सुंदर अक्षरात लिहून ठेवलाय.”

फोन ठेवून आप्पासाहेबांनी पेडलवर तीन दणके मारले. तिसऱ्याला पेडल वरच थांबलं, टणक. त्यांचा चेहरा उजळला.

“हे बघ! तीनदा मारलं की दगड. बास झालं. नवीन सामान हाय, चालून चालून बसंल. टाकी भरायला लाव.”

मोटर सुरू झाली, टाकी भरू लागली. कुसुमने इंद्रजीतकडे पाहिलं. तो चुन्याच्या रेघेशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली होती. तो तिच्या जवळ आला.

“वहिनी, इंजिन बंद असताना दगड लागतंय ते. इंजिन चालू झालं की मशिनची ताकद पायामागं येती आन् पेडल आणखी खाली जातंय. वर पाच हजार लिटर पाणी. खाली फाटकाबाहेर बघा.”

फाटक उताराच्या तळाशी होतं. विहिरीपासून अंगण सरळ खाली उतरत जायचं ते तिथे. फाटकाबाहेर पोह्यांची गाडी, आणि भोवती गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी. काचेच्या इमारतीतून नाश्त्याला उतरलेली, एका हातात बशी आणि एका हातात मोबाइल. एखाद-दुसऱ्याचीच पाठ उताराकडे होती असं नाही, सगळ्यांचीच होती.

“त्याला सांगा,” इंद्रजीत म्हणाला, “तो ब्रेक न्हाय, उशी हाय. गाडी हलली तर मी फाटकात आडवा उभा राहणार. माझ्या अंगावरनं ने म्हणावं. असंच सांगा. तुमचं ते गूळ लावून नको.”

एवढं बोलून तो फाटकाकडे चालू लागला.

कुसुम ट्रककडे वळली. दहा पावलांत तिने सगळं तोलून पाहिलं. असंच्या असं सांगितलं तर आप्पासाहेब खाली उतरणार, हातघाई होणार, टँकर जाणार नाही, मॅडम तो सुंदर अक्षरातला नंबर फिरवणार, आणि दिवाळीआधी ट्रक विकलेला असणार. चार वर्षं जे हाताने सांधत आणलं ते आजच तुटणार. आणि भाऊजी बोलतात तेवढं करतात थोडंच? जिभेला सवय झाली की ती विचारायला थांबत नाही.

“काय म्हणतोय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“म्हणतात, जरा बघून न्या.”

“बघूनच नेतो. डोळं मिटून कधी नेलीया?”

टाकी भरली. इंजिन सुरू झालं. कुसुमला मात्र ते वाक्य सोडेना. तोंडातून बदलून गेलं तरी कानात ते होतं तसंच होतं. माझ्या अंगावरनं ने म्हणावं. ती डाव्या बाजूने पायरीवर चढली आणि दार उघडून आत बसली.

“तू कुठं?”

“येते मी.”

आप्पासाहेबांनी हँडब्रेक सोडला, गिअर काढून ठेवला. उतारावर गाडी मोकळी सोडायची, डिझेल वाचतं, ही वडिलांची शिकवण. दोन्ही मुलांनी ती पोथीसारखी पाळलेली. ट्रक आपल्या वजनाने हलला. आधी कुरकुरत, मग बिनआवाज. मागे टाकीतलं पाणी डुचमळलं आणि त्याचा धक्का पाठीला लागला.

“अहो,” कुसुम म्हणाली, “भाऊजी म्हणाले, हा ब्रेक न्हाय, उशी हाय. गाडी काढली तर फाटकात आडवा उभा राहीन म्हणाले.”

“कधी म्हणाला?”

“मघाशी.”

“मग मघाशी तू मला काय सांगितलंस?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. फाटकात इंद्रजीत उभा होता. दोन्ही हात पसरून, पाय रोवून. त्याच्या पाठीमागे कुणीतरी पोह्यांवर लिंबू पिळत होतं.

“नाटकं,” आप्पासाहेब पुटपुटले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

पेडल गेलं. थेट तळाला. ट्रक थोडा मंदावला, कुणी विनंती केल्यावर माणूस ऐकल्यासारखं करतो तेवढाच, आणि पुन्हा निघाला. आप्पासाहेबांनी दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत उतार निम्मा संपला होता. त्यांनी हँडब्रेक ओढला. मागचं चाक ओरडलं, वास आला, गाडी थांबली नाही. गिअर टाकायला गेले तर नुसती करकर झाली, पडेना. कुसुमला नवऱ्याच्या मानेची शीर दिसली. ती आजवर तिने फक्त भांडणात पाहिली होती. आज तिच्यात राग नव्हता.

खिडकीतून डोकं बाहेर काढून आप्पासाहेब ओरडले, “इंद्रा! सर बाजूला! ब्रेक न्हाय रे!”

चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य. ते पोचवायला कुणी लागलं नाही.

इंद्रजीत सरला नाही. त्याने मागे वळून आधी त्या पोरांना हाका घातल्या, बशा पडल्या, पळापळ झाली. मग त्याने डावीकडे हात केला. “दादा, डावीकडं! वाळूत घाल! माझ्या वाळूत!”

डावीकडे, त्याच्या हद्दीत, वरच्या मजल्यासाठी आणलेल्या वाळूचा ढीग होता. उडू नये म्हणून त्यावर तोच जपलेला फ्लेक्स पांघरला होता, आणि ढिगाच्या अलीकडे, ऊन तिथे सगळ्यात चांगलं म्हणून, कुसुमच्या तीन बाजा. त्यांवर जुन्या साड्या, साड्यांवर वर्षभराच्या कुरडया.

आप्पासाहेबांनी स्टिअरिंग डावीकडे पाडलं. ज्या रेघेवर चार वर्षांत त्यांनी चप्पलही टेकवली नव्हती, ती रेघ आता उजवी चाकंही ओलांडून गेली. बाजा काडकन मोडल्या. समोरच्या काचेत कुसुमला सासऱ्यांचा फ्लेक्सवरचा हसरा चेहरा मोठा मोठा होत आला, मग ट्रकचं नाक वाळूत घुसलं, आणि सगळं पुढे फेकलं गेलं. वरच्या झाकणातून पाण्याची लाट उसळून काचेवर कोसळली.

मग नुसतं पाणी गळल्याचा आवाज.

इंद्रजीतने उजवीकडचं दार उघडलं. आप्पासाहेबांचे हात अजून स्टिअरिंगला चिकटलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता काहीतरी हृद्य घडेल, असं कुसुमला वाटलं.

“न्यूट्रलमधी उतरवतात का भरलेली गाडी?” इंद्रजीत म्हणाला.

“आन् तू काय फाटकात? पुतळा?”

“मी सांगून गेलो होतो!”

“मला कुणी सांगितलं न्हाय!”

दोघांच्या नजरा कुसुमकडे वळल्या. ती केसांतलं पाणी निथळत होती. तिने काही कापलं नाही, काही गोड केलं नाही. “सांगितलं होतं त्यांनी. मीच बदललं. भांडाल म्हणून.”

मग आप्पासाहेब खाली उतरले, आणि कधी नव्हे ते डाव्या चाकाशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“इंद्रा, तुझा हवेचा निपल खाली का रे?”

“असाच आला. नवीन पद्धत असंल म्हणलं.”

“माझापण खाली हाय. मीबी तेच म्हणलं.” ते ताठ झाले. “जुन्यांचा वर होता.”

हवा नेहमी वर चढते, हे विहिरीच्या मोटारीला सुद्धा कळतं. निपल तळाला, मग खालून ऑइल कितीही स्वच्छ येवो, हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहणार. डावा कॅलिपर उजवीकडे गेला होता आणि उजवा डावीकडे. एकाने जरी हद्द ओलांडून मान वाकवली असती, किंवा ‘तुझा कसा आलाय’ एवढं विचारलं असतं, तर सकाळीच उमगलं असतं.

“पण वाटणी कुणी केली?” इंद्रजीतने विचारलं.

आणि चार वर्षांनी पहिल्यांदा दोघे भाऊ एका मताचे झाले.

ट्रक वाळूतून मागे ओढला. कॅलिपर अदलाबदल झाले. या वेळी वर-खाली थेट बोलणं होतं: “दाब.” “दाबलं.” “धर.” “धरलं की, आंधळा हायस का?” “आता सोड.” निपलातून फसफसत हवा निघाली ती निघतच राहिली. इंजिन सुरू करून आप्पासाहेबांनी पेडल दाबलं. ते वरच थांबलं, पहिल्याच दाबाला. मग ते खाली उतरले आणि इंद्रजीतला म्हणाले, “तू दाबून बघ.” त्याने बघितलं. मान हलवली. एवढंच.

जेवायला दुपार टळली. दोघे एका पंगतीत बसले आणि फ्लेक्सवरून कडाकडा भांडले. कुसुम वाढत होती. कुणीही तिला काही सांगायला सांगितलं नाही. आमटीची दुसरी वाटी वाढताना, दोघांनी एकदमच ताटातून मान वर केली.

“कुरडई न्हाय का आज?”

“ट्रकखाली आहे,” कुसुम म्हणाली. “पाहिजे तर दोघांनी जाऊन वेचून आणा.” तिचा स्वतःचा राग त्या घरात पहिल्यांदाच, निघाला तसाच पोचला.

ट्रकचा बंपर वाकला, पण तो आधीपासूनच वाकडा होता. वाळू फावड्याने परत ढीग झाली. फ्लेक्स फाटला, दोघांपैकी कुणी हळहळलं नाही. पूर्णिमा मॅडमनी त्या दिवसापुरता दुसरा टँकर घेतला, आणि त्याचं पाणी गढूळ आलं म्हणून पुढच्या गुरुवारी पुन्हा इकडेच फोन केला, अर्थात सुनावून. पोहेवाल्याच्या बशांचे पैसे इंद्रजीतने भरून दिले. उरल्या तीन बाजा आणि वर्षाच्या कुरडया: तीन दिवस भिजवलेला गहू, वाटलेला चीक, पहाटे उठून एकटीने दाबलेला सोऱ्या. ते सगळं कुसुमच्या नावावर पडलं, आणि संध्याकाळी तिने पुन्हा गहू भिजत घातला.